रोबो हाय का तुमच्याकडं?

मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी परवा माझ्या मणक्याच्या ओपीडीत आले. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, रोबो हाय का तुमच्याकडं?" मी नाही म्हणालो. त्यांनी मुलाकडं पाहिलं, मुलानं मोबाईलकडं पाहिलं आणि दोघंही उठायच्या बेतात दिसले. म्हटलं, आता नंबर लागलाच आहे, तर तपासून तरी जा. तपासलं. नस कुठंच दबलेली नव्हती. ज्वारीची काढणी झाल्यावर कडब्याच्या पेंढ्या ट्रॉलीवर चढवताना कंबर धरली होती. रोबो राहू द्या, माझाही तिथं फारसा उपयोग नव्हता. चार दिवसांच्या गोळ्या दिल्या, झोपून राहू नका, हिंडतं-फिरतं राहा म्हणून सांगितलं. एवढ्याशा सल्ल्यासाठी फी दिल्याचं त्यांना वाईट वाटलं असणार. चेहऱ्यावर दिसत होतं.

मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "ऑपरेशन करावंच लागंल का? गोळ्यांनी जमणार नाही का?" त्यात भीती असे, पैशाची काळजी असे, थोडी घासाघीसही असे. पण प्रश्न बरोबर होता. आता तो वाटेतच कुठंतरी गळून पडतो. सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर थांबल्यावर दिसणारा फलक, भाच्यानं पाठवलेलं रील, नाहीतर एमआरआयच्या रिपोर्टमधल्या तीन इंग्रजी ओळी, यांतल्या कुणीतरी ऑपरेशन ठरवून टाकलेलं असतं. माझ्यापर्यंत येतो तो पुढचा प्रश्न. कशानं करणार? लेझरनं, दुर्बिणीनं की रोबोनं? साडी घ्यायची हे घरीच ठरलेलं असतं, दुकानात येऊन फक्त काठ बघायचा असतो, तसं.

यंत्रांशी माझं भांडण नाही, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर वयानुसार कुरकुर चाललीय असं वाटायचं.

दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीमुळं पाय दुखतो, हे मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली छापून दाखवलं. त्याआधी सर्जन गादीचा तोच तुकडा काढत, पण गाठ समजून. कारण कळलं तरी पुढची कित्येक वर्षं ती गादी डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. माझ्या शिक्षकांच्या उमेदीत पेशंटच्या कण्यात सुई घालून तेलकट औषध सोडत, टेबलासकट त्याला डोक्याकडं-पायाकडं कलतं करत आणि औषधाची सावली एक्स-रेवर पकडत. औषध जिथं अडलं तिथं काहीतरी आहे, एवढाच अंदाज. नंतर पेशंट डोकेदुखीनं हैराण. एमआरआयनं हा सगळा प्रकार संपवला. २००३ साली त्यासाठी लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं. मणक्यावर काम करणाऱ्या प्रत्येकानं त्या दोघांना रोज मनातल्या मनात नमस्कार करावा, अशी ती गोष्ट आहे.

मायक्रोस्कोपचंही तसंच. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये खिडकी पाडून आत शिरलं की आधी पिवळसर जाड पडदा लागतो. तो काळजीपूर्वक सोडवला की खाली मज्जारज्जूच्या आवरणाची निळसर-पांढरी पिशवी दिसते, श्वासाबरोबर हलकेच वरखाली होणारी. तिच्या कडेनं नस निघते. निरोगी नस सैल असते, बाजूला करा म्हटलं की होते. दबलेली नस लालसर, सुजलेली, खालच्या तुकड्यावर चपटी होऊन ताणलेली असते आणि हुकानं तिला जराही हलवू देत नाही. अशा वेळी घाई करायची नसते. बाजूनं थोडं हाड आणखी कोरायचं, जागा करायची, मग चिमट्याच्या टोकाला तो पांढरा तुकडा लागतो आणि एकदाचा बाहेर येतो. त्यानंतर नस हलते. हे सगळं नुसत्या डोळ्यांनीही करत असत, मीही केलंय. पण मायक्रोस्कोपखाली एकदा काम केलेला माणूस परत मागं जात नाही.

म्हणजे यंत्र हवंच. आता रोबोकडं येतो, कारण त्याच्याबद्दल गैरसमज फार आहेत. मणक्याचा रोबो ऑपरेशन करत नाही. निदान आज तरी नाही. इस्रायलच्या माझोर कंपनीचं अशा कामाचं पहिलं यंत्र २००४ च्या सुमारास बाजारात आलं, आणि मूळ कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. पेशंटच्या सीटी स्कॅनवर आपण आधी आखून ठेवायचं की स्क्रू कुठून कुठं जाणार. मग यंत्राचा हात त्या दिशेला एक नळी धरून उभा राहतो. नळीतून ड्रिल घालायचं सर्जननंच. कणा पिळवटून वाकलेला असेल, मानेतल्या अरुंद हाडात स्क्रू बसवायचा असेल, आधीच्या ऑपरेशनमुळं सगळ्या खुणा पुसल्या गेल्या असतील, तर असा न थरथरणारा हात मोलाचा. चौदा वर्षांच्या मुलीचा वाकडा कणा सरळ करायचा असेल तर मी स्वतः पालकांना सांगतो, जिथं ही सोय आहे तिथं घेऊन जा.

पण साध्या गादीच्या ऑपरेशनात स्क्रू लागतच नाहीत. मग दिशा कशाची दाखवायची? आमच्या भागात मणक्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत ऑपरेशनची वेळ येणारेच थोडे, आणि त्यांतही बऱ्याच जणांना एक तुकडा काढला की भागतं. फलकावर मात्र रोबोचा चमकता हात असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'मणक्याच्या सर्व आजारांवर'.

रोबो विकणारे माझ्याकडंही येऊन गेले. टाय घातलेला, अतिशय अभ्यासू माणूस. मला त्याचं कौतुकच वाटलं, यंत्राच्या मर्यादाही त्यानं न लपवता सांगितल्या. मग लॅपटॉप उघडून त्यानं विचारलं, "सर, महिन्याला स्क्रूच्या किती केसेस करता?" मी आकडा सांगितला. त्यानं तो कोष्टकात टाकला, बँकेचा हप्ता, देखभालीचा करार, दर ऑपरेशनला लागणारं एकदाच वापरायचं सामान, सगळं मांडलं. तळाची रक्कम लाल दिसली. "एवढ्या केसेसवर नाही बसत," मी म्हटलं. तो अगदी सहज म्हणाला, "सर, मशीन आलं की केसेस येतात."

त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण मला जे सांगायचंय ते सगळं या एका वाक्यात आहे. कोट्यवधींचं यंत्र कर्जावर आलं की दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हप्ता जातो. गादी सरकणाऱ्यांची संख्या काही त्या तारखेनं वाढत नाही. मग तोवर 'थांबून बघू' या खान्यात बसणारा पेशंट हळूच 'करून टाकू'च्या खान्यात सरकतो. कुणी खोटं बोलत नाही. रिपोर्टमध्ये फुगलेली गादी असतेच, दुखत असतंच, पेशंट तयारही असतो. फक्त काट्याचं पारडं किंचित कलतं. ज्या डॉक्टरनं ते कलवलं त्यालाही बहुतेक वेळा ते कळत नाही. मोठ्या शहरात पेशंटचा पूर मोठा असतो, तिथं हे झाकून जातं. सोलापूरसारख्या गावात दोन-तीन ठिकाणी तेच यंत्र आलं की लोकसंख्या तेवढीच आणि हप्ते दुप्पट-तिप्पट. मग फलक मोठे होतात, गावोगावी मोफत तपासणी शिबिरं भरतात, आणि शिबिरात आलेल्यांपैकी किती जण टेबलापर्यंत पोचले याचा हिशेब सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारला जातो.

नवं ते चांगलंच असणार, या भोळेपणाला आमच्या शास्त्रानं स्वतःच एकदा सणसणीत उत्तर दिलंय. म्हातारपणी ठिसूळ झालेला मणका खचला की त्यात सुईनं सिमेंट भरायची पद्धत जगभर जोरात होती. पेशंट टेबलावरून उठताना हसायचे. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात एकाच वेळी दोन चाचण्या छापून आल्या, एकीत १३१ पेशंट, दुसरीत ७८. निम्म्या जणांना खरं सिमेंट दिलं. उरलेल्यांना फक्त देखावा. त्यांना टेबलावर पालथं झोपवलं, जागा बधिर केली, पाठीवर दाब दिला. पहिल्या चाचणीत तर सिमेंटची बाटलीही उघडली, कारण त्या रसायनाला उग्र वास असतो आणि वास आला नसता तर पेशंटला शंका आली असती. महिन्यानं दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं. सिमेंट भरलेल्यांचं आणि नुसता वास घेतलेल्यांचं! त्यावरून आमच्यात अजून वाद चालतात, काही ठरावीक पेशंटांना उपयोग होतो असं म्हणणारेही जाणकार आहेत, आणि क्वचित मीही सिमेंट वापरतो. पण 'टेबलावरून उतरून चालत गेले' असा व्हिडिओ कुणी दाखवला की मला तो वास आठवतो. पेशंट चालत गेला हे खरंच असतं. कशामुळं चालला, हे व्हिडिओत दिसत नाही.

आता एमआरआयचं. हल्ली लोक डॉक्टरकडं जायच्या आधीच तो काढून येतात, कारण सवलतीची जाहिरात येते. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांना या यंत्रात घातलं. ५२ टक्क्यांची कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठीकठाक असलेले फक्त ३६ टक्के. पुढं २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची गोळाबेरीज झाली, तीन हजारांवर माणसं, सगळी बिनदुखण्याची. विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली, ऐंशीत ८४ टक्क्यांत. केस पिकावेत तसंच हे, वयाचं. पण रिपोर्ट इंग्रजीत असतो, त्यात 'डीजनरेटिव्ह', 'बल्ज', 'इंडेंटिंग' असे शब्द असतात, आणि ते वाचून दाखवणारा मेडिकल दुकानदार म्हणतो, "मावशी, दोन मणक्यांत गॅप पडलाय. वेळेत करून घ्या."

अशाच एक मावशी कुंभारीच्या विडी घरकुलातून आल्या होत्या. तेलुगू घरातल्या, मराठी मोडकं पण ठसकेबाज. जन्मभर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत एमआरआयच्या फिल्म, त्यांच्या मधोमध सुपारीची पुडी. मुलानं फोनवर जाहिरात दाखवली. लेझर, बिनटाक्याचं, त्याच दिवशी घरी, आणि फोन करून त्यानं पॅकेजही विचारून ठेवलेलं. रिपोर्टात दोन गाद्या फुगलेल्या होत्या. त्या वयात नसत्या तर नवल.

मी विचारलं, "मावशी, दुखतंय कुठं, बोट ठेवा." त्यांनी बोट पाठीवर ठेवलंच नाही, जांघेत ठेवलं. मग विचारलं, विड्या वळताना कशा बसता? "आता खाली जमत नाही सायेब, स्टुलावर बसालाव. सूप घसरतंय." त्यांना टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवला आणि मांडी आत-बाहेर फिरवली. त्या ओरडल्या. दुसऱ्या बाजूची मांडी मात्र सहज फिरली. दुखणं कंबरेच्या मणक्यात नव्हतंच, खुब्याच्या सांध्यात होतं. एक साधा एक्स-रे काढला, सांधा झिजून अंतर संपलेलं दिसलं. मणक्यावर लेझर काय, रोबो काय, आणखी काही केलं असतं तरी त्यांना पुन्हा खाली बसता आलं नसतं. मांडी फिरवून बघायला अर्धा मिनिट लागतो, त्याला वीज लागत नाही, आणि त्याचं रील कुणी काढत नाही. एमआरआयच्या मशीननं काहीच चुकीचं दाखवलं नव्हतं. त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं.

मुलगा मात्र माझ्यावर थोडा नाराज झाला. मणक्याच्या डॉक्टरकडं आणलं आणि यांनी खुब्याच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली.

थांबण्याबद्दलही बोललं पाहिजे. पायात कळ मारणारी सायटिका हे भयंकर दुखणं आहे, माणूस रात्री भिंतीला धरून उभा राहतो. पण बहुतेकांची ती दीड ते तीन महिन्यांत आपोआप ओसरते, बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच शोषून घेतं. गंमत म्हणजे तुकडा जेवढा मोठा आणि सुटा, तेवढा तो विरघळायची शक्यता जास्त. २००७ साली हॉलंडमधल्या डॉक्टरांनी २८३ पेशंट घेतले, सगळे दीड ते तीन महिने कळ सोसलेले. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवलं. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले, हे खरं. पण वर्षानं दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढं ऑपरेशन लागलं, म्हणजे थांबणं सगळ्यांना जमत नाही. ज्याला जमत नाही त्याचं मी करतो आणि त्याला लवकर आराम मिळतो, यात कमीपणा काही नाही. रोजंदारीवरच्या माणसाला वर्षाची आकडेवारी सांगून उपयोग नसतो, लूमवर सोमवारी खाडा पडला की मंगळवारी दुसरा उभा राहतो. त्याच्यासाठी 'लवकर' हेच मोठं. तो हिशेब त्याचा त्यानं मांडावा, मी आकडे पुढं ठेवावेत. जाहिरात हा हिशेब मांडूच देत नाही, कारण तिच्यात 'काही न करता थांबा' हा पर्याय छापलेला नसतो.

आमची, म्हणजे वैद्यक परिषदेची, २००२ ची आचारसंहिता काय म्हणते? तिचं सहावं प्रकरण अनैतिक कृत्यांचं आहे आणि त्यातलं पहिलंच कलम जाहिरातीचं. डॉक्टरनं वर्तमानपत्रात काय काय छापावं याची यादी दिलीय. दवाखाना उघडला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर आहे, परत आलो, फी अमुक आहे, अशा गोष्टी. वाचताना जुन्या सोलापुरातल्या एखाद्या सज्जन डॉक्टरांचं चित्र उभं राहतं. परिषदेचा हात डॉक्टरपर्यंत पोचतो, रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीपर्यंत पोचत नाही. म्हणून फलकावर कंपनीचं नाव असतं आणि डॉक्टर नुसते हात बांधून उभे असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यांत सोशल मीडियावर स्पष्ट मार्गदर्शन होतं. लाइक विकत घेऊ नका, बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो आणि ऑपरेशनचे व्हिडिओ टाकू नका. जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून गदारोळ झाला आणि तीन आठवड्यांत सगळेच नियम स्थगित झाले. पाण्याबरोबर हेही वाहून गेलं.

पण फलकांवर टीका करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. फलक नव्हते तेव्हा काही रामराज्य नव्हतं. तेव्हा कट होता, आणि आजही आहे. पेशंट पाठवणाऱ्याला पाकीट, एमआरआय लिहिणाऱ्याला पाकीट, अॅम्ब्युलन्स कुठल्या गेटला वळली यावर पाकीट. फलक निदान चौकात उभा असतो, सगळ्यांना दिसतो. पाकीट दिसत नाही. २०१७ साली मुंबईत एका रुग्णालयानं 'प्रामाणिक सल्ला, डॉक्टरांना कमिशन नाही' अशा अर्थाचा फलक लावला तेव्हा डॉक्टरांच्याच संघटना चिडल्या. त्याच सुमारास राज्य सरकारनं कटविरोधी कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली, मसुदा तयार झाला आणि फाइलीत निवांत पडला. त्याच वर्षी हृदयातल्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर केंद्रानं मर्यादा घातली, ती मात्र लागू झाली. मणक्याचे स्क्रू त्यात नव्हते.

जाहिरातवाला मुलगा माझ्याकडंही आला. त्याचे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, वडील रिक्षा चालवतात, हा लॅपटॉपवर एजन्सी चालवतो. हुशार आणि गोड बोलणारा. "सर, तुम्ही बोलता छान, पण दिसत नाही कुठं." सोलापूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी, कुठल्या तालुक्यात कुणाच्या फोनवर काय दाखवायचं, सगळं त्यानं नकाशावर दाखवलं. म्हणाला, "दुखणारी माणसं रात्री फोन बघतात सर, झोप येत नाही ना. रात्री अकरानंतरचे पैसे वसूल होतात." त्या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला, आणि ते खरंही होतं. मग त्यानं घोषवाक्य सुचवलं, "डॉ. कोटणीसांच्या सोलापुरात, मणक्याला नवा आधार." पुण्यतिथीला माझा आणि कोटणीसांचा फोटो शेजारी-शेजारी. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी चीनमधल्या युद्धात जखमींची सेवा करताना आजारानं गेलेला माणूस, आणि शेजारी मी, एसी केबिनमध्ये. मला हसू आवरेना. त्याला वाटलं, आवडलं.

नाही म्हणून मी त्याला परत पाठवणारच होतो. पण डोक्यात अशोक चौकातला एक लूम कामगार होता. त्याच्या दोन्ही पायांत कळ होती, बसायच्या जागेला बधिरपणा आला होता आणि लघवी अडली होती. घरच्यांना मुतखडा वाटला. शिवाय मोठ्या शहरातल्या एका जाहिरातीवर फोन करून त्यांनी चार दिवसांनंतरची तारीख घेतलेली, म्हणून ते थांबले होते. गादीच्या मोठ्या तुकड्यानं सगळ्या नसा एकदम आवळल्या गेल्या की थांबायला वेळ नसतो, ४८ तासांच्या आत मोकळं केलं तर लघवीची नस परतायची आशा जास्त. तो माझ्याकडं आला तेव्हा ती वेळ टळून गेली होती. ऑपरेशन त्याच रात्री केलं. पाय सुधारले, लूमवरही गेला. लघवी मात्र अजून दिवसातून चार वेळा स्वतःच्या हातानं नळी घालून काढतो. मणक्याचा टीबी असाच. वेळेत ओळखला तर बहुतेकांचा गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि म्हणूनच की काय, त्याची जाहिरात करायला कुणी पुढं येत नाही.

मी त्या मुलाला म्हटलं, व्हिडिओ करू, पण दवाखान्याचं नाव नको, फोन नंबर नको, पेशंट नको. कंबरदुखीत रात्रीच्या रात्री हॉस्पिटल कधी गाठायचं आणि बाकीच्या वेळी घरी काय करायचं, एवढंच. तीन भाषांत. मराठी मी बोललो. कन्नडही मीच बोललो, ते ऐकून कर्नाटकातल्या इंडीकडचे लोक हसले असतील. तेलुगूत आमच्या सिस्टर बोलल्या आणि त्यांचा व्हिडिओ सगळ्यांत जास्त चालला, विडी कारखान्यांच्या ग्रुपांवरून घरोघरी गेला.

त्याचा परिणाम असा की आता मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या आल्या तरी लोक मध्यरात्री येतात. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तक्रार केली. मग दुसरा व्हिडिओ करावा लागला, कशाला घाबरायचं नाही याचा. एजन्सीच्या मुलानं त्याला नाव सुचवलं, 'दुर्लक्ष केलंत तर कायमचं अपंगत्व'. मी म्हटलं, अरे, विषय घाबरू नका असा आहे. बराच वेळ झटापट होऊन 'पायाला मुंग्या आल्या तर' यावर तडजोड झाली. "सर, निम्मे व्ह्यूज येतील," तो म्हणाला. निम्मे चालतील, मी म्हटलं. बिल त्यानं पूर्ण पाठवलं.